हिरव्या दिव्यावर विसंबलेले साहेब
मंडळी, आज सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी बोईसरच्या एका कारखान्यात गेलो होतो. सर्व्हर बंद, पण त्यावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा दिवा मात्र हिरवागार.

ऑपरेटर सुनंदाताईंनी शिफ्टच्या रजिस्टरात 'बंद' लिहिलं, म्हणून साहेबांनी त्यांनाच खोट्या नोंदीचा मेमो दिलेला.

"दिवा कायपन बोलंल. बंद हाय म्हंजे बंद हाय!" ताई म्हणाल्या.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्या सॉफ्टवेअरचे थ्रेड, म्हणजे आतली कामं वाटून घेणारे हात, तपासले. दोन थ्रेड एकमेकांना हवं ते धरून "आधी तू सोड" म्हणत अडून बसले होते. सर्व्हरची तपासणी कालपासून ठप्प, म्हणून दिवाही कालचाच.

साहेबांनी मेमो फाडला आणि मला विचारलं, "दिवा खरं बोलतोय का, हे बघणारं आणखी एखादं सॉफ्टवेअर मिळेल का?"

ताई तीन फुटांवर बसल्या होत्या. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?