अकरा तासांची हवा

हवा मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे हवेवाल्यांना सव्वीस वर्षांत कुणालाही धड सांगता आलेलं नव्हतं. लोक त्यांना हवेवाले म्हणायचे, नगरपालिकेच्या कागदावर मात्र त्यांचा हुद्दा दीड ओळीचा होता आणि त्यात कुठेतरी वायुप्रदूषण हा शब्द यायचा. बायको शेजारणींना सांगायची, "ऑफिसात असतात." सासरे तर शेवटपर्यंत जावई पावसाच्या खात्यात आहे असंच धरून चालले होते आणि दर फोनला उद्या छत्री न्यावी का ते विचारायचे. या कामाचा खरा अभिमान होता तो एकाच माणसाला, हवेवाल्यांच्या थोरल्या बहिणीला. ताई शाळेत खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि आवाज असा, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चाललेली मारामारी जागच्या जागी मिटावी. एकावन्न वर्षांचा भाऊ तिच्या लेखी अजून "छोट्या"च होता. पण चारचौघांत ती म्हणायची, "माझा भाऊ हवेतला तज्ज्ञ आहे. त्याने आकडा सांगितला की विषय संपला."

तिच्याच शाळेच्या गच्चीवर त्यांचं यंत्र होतं. छातीइतकी उंच पत्र्याची पेटी, वर घरासारखं उतरतं छप्पर, आत मोटर. छपराखाली पांढरा कागद बसवायचा आणि सकाळी नऊला मोटर सुरू करायची. ती दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत हवा ओढते आणि हवेतली धूळ कागदावर बसते. कागद आधी तोलायचा, मग पुन्हा तोलायचा, आणि जी धूळ भरेल तिला चोवीस तासांत ओढलेल्या हवेने भागायचं. येईल तो आकडा. शंभरच्या आत असला तर हवा ठीक, वर गेला तर वाईट. आठवड्यातून दोनदा हे करायचं. कागदाला नुसतं बोट लागलं तरी वजन फिरतं, म्हणून हवेवाले सगळं चिमट्याने उचलायचे. ती सवय अशी जडली होती, की घरी लग्नाचे फोटोसुद्धा ते कडेला धरून बघायचे.

या आकड्यावर ताईचं मैदान चालायचं. शेवटचा आकडा शंभरच्या आत असला की मुलं बाहेर धावणार, वर गेला की वर्गात बसून हातपाय हलवणार. हा नियम वरून कुणी लादला नव्हता, तिचा तिनेच केला होता. शाळेपासून दोन गल्ल्या सोडून लोखंड ओतायचा कारखाना होता आणि त्याचं धुराडं मैदानातून दिसायचं, त्यामुळे तिला काळजी होती. नवा आकडा लागला की ती फोन करायची. "बोल छोट्या, पोरं बाहेर काढू का आत ठेवू?"

त्या वर्षी मोटरचे कार्बन झिजले. मोटरच्या आत कोळशाचे दोन लहान तुकडे असतात. ते झिजले की मोटर चालता चालता थांबते. हवेवाल्यांनी नवे मागवले, भांडाराने कळवलं, पुढच्या तिमाहीत बघू. एका सकाळी ते गच्चीवर गेले तर यंत्र गप्प उभं होतं आणि तास मोजणारा काटा अकरावर अडकला होता. नियमाने तो कागद रद्द करायचा. पण वर्षाचे आकडे आधीच कमी भरत होते आणि मोठे साहेब दोनच दिवसांपूर्वी म्हणाले होते, "मला रकाने भरलेले पाहिजेत. कसे भरायचे ते तुम्ही तज्ज्ञ आहात, तुम्ही बघा." तज्ज्ञांनी बघितलं. तासांच्या रकान्यात अकराऐवजी चोवीस लिहिलं.

धूळ अकरा तासांची आणि भागली चोवीस तासांच्या हवेने. आकडा आला एकोणसत्तर. खरा होता दीडशे. हे त्यांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये, सातवीतलं पोरही हे गणित तोंडी करील. त्यांनी स्वतःला सांगितलं, एकदाच. मग मोटर पुन्हा अकरा-बारा तासांनी थांबली आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं महिनाभर चाललं. मोठे साहेब खूश झाले. "यंदा हवा सुधारली की हो," म्हणाले. शाळेच्या फाटकावर हिरवी पाटी लागली, त्यावर लिहिलं होतं 'स्वच्छ हवेचा परिसर'. ताईने पाटीखाली उभं राहून फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, आमच्या छोट्याचं काम.

इथपर्यंत भीती म्हणू, आळस म्हणू, साहेबांची मर्जी म्हणू. माणूस आहे, घसरतो. पण मग नवे कार्बन आले. हवेवाल्यांनी ते बसवले, मोटर झकास चोवीस तास चालली आणि आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. हा लिहायचा, तर एका आठवड्यात हवा दुपटीने का बिघडली ते सांगावं लागणार. हवेवाले तो कागद चिमट्यात धरून बराच वेळ उभे राहिले. कागद करडा झाला होता. त्यांनी तो रद्द केला, घरी गेले आणि पाणी तापवायच्या हीटरचा टायमर काढून आणला. यंत्राच्या प्लगला तो लावला आणि अकरा तासांवर फिरवून ठेवला, म्हणजे मोटर आपोआप बंद पडणार आणि रकान्यात पुन्हा चोवीसच लिहायचं. हे मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. बायकोने विचारलं, टायमर कुठे गेला? म्हणाले, बिघडला.

असे साडेतीन महिने आणखी गेले.

एका रविवारी हवेवाले ताईकडे जेवायला बसले होते. ताई वाढता वाढता शाळेतल्या गमती सांगत होती.

"सहावीत एक नाटकी कार्टी आहे, दोन वेण्यांची. दोन फेऱ्या झाल्या की हिचा हात कंबरेवर. म्हणते, बाई, हवा आत जात नाही. म्हटलं, जात नाही म्हणजे काय? माझ्या भावाने मोजलीय, एकोणसत्तर आहे. कामचुकारपणा करतेस? धाव अजून दोन फेऱ्या."

"मग?" हवेवाल्यांनी विचारलं.

"मग काय, बसली मटकन खाली. ओठ निळे. दवाखान्यात न्यावं लागलं, दोन दिवस ठेवून घेतलं. आता बरी आहे. डॉक्टर म्हणाले दमा आहे, धुराने उठतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेरची हवा चांगली, म्हणजे धूर घरातला. बाप ओढत असणार. शाळा सुटताना तो फाटकाशी आला होता, तिथेच झाडला त्याला सगळ्या पालकांसमोर. म्हटलं, पोरीच्या जिवावर उठलात, लाज नाही वाटत?"

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? म्हणे, दोन वर्षं झाली सोडून. सगळे असंच म्हणतात. मान खाली घालून गेला बिचारा." ताईने पातेलं पुढे केलं. "अरे, तू जेवत का नाहीस? वाढू थोडं?"

हवेवाल्यांनी नको म्हणून मान हलवली. त्यांना तिथल्या तिथे सांगायचं होतं. वाक्यही तयार होतं, चारच शब्दांचं: ते आकडे खोटे आहेत. पण ताई त्यांच्याकडे अशा कौतुकाने बघत होती की जीभ उचललीच नाही. त्यांना शरम वाटली आणि ती शरम गिळून त्यांनी पाणी मागितलं.

चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाताना त्यांना वाटायचं, वॉचमन आपल्याकडे बघतोय, जिन्यातली मुलं आपल्याकडे बघतायत. खरं म्हणजे त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. टायमर त्यांनी काढून टाकला. शाळा सुटायच्या वेळेला ते मुद्दाम फाटकाजवळ रेंगाळायला लागले. एकदा तो बाप दिसला. वाहनांना रंग मारणारा माणूस, नखांत निळा रंग, कोपरापर्यंत ठिपके. इतर पालक घोळका करून गप्पा मारत होते आणि हा एकटा खांबाजवळ उभा होता. पोरगी बाहेर आली तेव्हा त्याने तिचं दप्तर हात लांब करून घेतलं आणि दोन हात अंतर ठेवून तिच्या मागून चालू लागला. हवेवाल्यांना वाटलं, माणूस तुसडा असावा. असं वाटल्यावर क्षणभर बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तर जास्तच लाज वाटली.

तरी आणखी तीन आठवडे गेले. अब्रू वाचवायला माणूस किती कारणं काढतो ते त्यांना त्या दिवसांत समजलं. ताईचा फोन आला की म्हणायचे, "यंत्र दुरुस्तीला आहे, पोरांना आतच ठेव." हेही खोटंच, पण निदान पोरं आत राहत होती. शेवटी एका दुपारी त्यांनी खरे तास टिपलेली यंत्राची वही काढली आणि अडतीस कागदांचं गणित नव्याने मांडलं. अडतीसपैकी चौतीस आकडे शंभरच्या वर गेले. ते त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले, खाली लिहिलं, 'ही चूक नजरचुकीची नाही, मी केली', सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "अहो, तुम्ही आपल्या पायावर धोंडा मारून घेताय ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण तो घरंगळत माझ्याही पायावर येतोय. नजरचूक म्हणा ना. नजरचुकीला कोण काय करतं?"

"नजरचुकीला टायमर लागत नाही, साहेब."

साहेबांनी कागद ठेवून घेतला आणि चौकशी होईपर्यंत त्यांना गच्चीवर जायचं नाही असं सांगितलं. हवेवाल्यांना त्याचं फार वाटलं नाही. खरी चौकशी पुढे होती.

ताई खेळाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होती. हवेवाले दारातच उभे राहिले आणि एका दमात सगळं बोलून गेले: कार्बन, अकरा, चोवीस, टायमर. ताईने पंप खाली ठेवला. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"साडेचार महिने."

"मी फोन करायचे तेव्हा तुला माहीत असायचं?"

"हो."

ताई बाकावर बसली. एकेका वर्गाचं नाव घेत ती पुटपुटत राहिली. कुणाला धावायला लावलं, कुणाला आळशी म्हटलं, कुणाला उन्हात उभं केलं, ते सगळं तिला आठवत होतं. "मी त्या लेकराचा श्वास खोटा ठरवला," ती म्हणाली, "आणि तुझा कागद खरा धरला." मग उठली. "चल. मी त्या माणसाला सगळ्यांसमोर बोलले. आता सगळ्यांसमोरच सांगायचं. आणि तू सांगायचंस."

शाळा सुटायला पाच मिनिटं होती. फाटकाशी वीस-पंचवीस पालक होते. ताईने रंगाऱ्याला हाक मारली तसा तो दचकून पुढे आला, आता काय केलं आपण असा चेहरा करून. ताई म्हणाली, "मी त्या दिवशी तुम्हाला बोलले ते चुकीचं होतं. माफ करा मला. हा माझा भाऊ आहे, हा सांगेल."

हवेवाल्यांनी सांगितलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. ती घेत नाही. सगळं उभ्याने, दिवसाढवळ्या, हिरव्या पाटीखाली सांगावं लागलं. घोळक्यातून कुणीतरी शिवी हासडली, एक बाई म्हणाली, "आणि आम्ही खिडक्या उघड्या टाकून झोपत होतो." ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. रंगाऱ्याला गणित समजलं नव्हतं, की त्याला एकच गोष्ट समजून घ्यायची होती, कोण जाणे.

"म्हणजे ते माझ्यामुळे नव्हतं?" त्याने विचारलं.

"नाही. हवाच वाईट होती."

"सिगारेट मी खरंच सोडलीय, साहेब. पण बाई बोलल्या तेव्हा वाटलं, बाई शिकलेल्या, त्या उगाच कशाला बोलतील? कपड्यांत रंग असतो, केसांत असतो, तोच पोरीच्या छातीत जात असेल." त्याने नखं अंगठ्याने खरवडली. "महिना झाला, मी बाहेरच्या खोलीत झोपतो. तिला जवळ घेत नाही. ती आईला विचारते, बाबा रागावलेत का. आई सांगते, रंग लागलाय, अंघोळ झाल्यावर घेतील."

हवेवाल्यांनी शिव्यांची तयारी केली होती, याची केली नव्हती. तेवढ्यात घंटा झाली आणि मुलांचा लोंढा बाहेर आला. दोन वेण्यांची मुलगी बापाजवळ आली आणि दोन हातांवर थांबली.

रंगाऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग वळून पुन्हा हवेवाल्यांकडेच. ज्याने साडेचार महिने खोटं लिहिलं त्यालाच तो विचारत होता, कारण या खात्यातला दुसरा माणूस त्याला माहीत नव्हता. "साहेब, तुम्ही यातले जाणकार. मग आता घेऊ का हिला?"

"घ्या," हवेवाले म्हणाले.

बाप गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात पसरले. मुलगी दोन पावलं मागे सरकली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमची अजून अंघोळ कुठे झालीय?"