पाठीमागचा बँड

भोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात आरसा दिला आणि वरचे पुढचे चार दात हलवून बघायला सांगितले. हलवायची गरज नव्हती, बोलतानाही ते हलत होते. शुगरनं हिरड्या पार पोखरल्या होत्या. "सोमवारी काढून टाकू, मग कवळी बसवू. मस्त भाकरी खाल," बाई म्हणाल्या. "आणि ट्रॉम्बोन?" मी विचारलं.

मग सगळं समजावणं आलं. ट्रॉम्बोन म्हणजे लग्नाच्या बँडमधलं ते लांबडं पितळी वाद्य, वाजवणारा ज्याची नळी पुढे-मागे सरकवतो. ते ओठांनी वाजतं, पण ओठांना मागून आधार दातांचा. कवळीवर जोर देऊन फुंकलं तर सुराआधी कवळी बाहेर यायची. यावर बाई हसल्या. स्वभावानं चांगल्या आहेत, पण हसल्या याचा मला राग आला. वरव्याला घरी परतताना एसटीत शेजारच्यानं दोनदा वेळ विचारली, तरी मी खिडकीबाहेरच बघत राहिलो.

माझी पोटापाण्याची नोकरी कारखान्यात लेथ मशीनवर होती. लग्नसराईत मात्र सुट्ट्या काढून मी बँडमध्ये जायचो. नुसता वाजवायचो नाही, गाणी मीच बसवायचो. कुठली ओळ क्लॅरिनेटनं घ्यायची, ट्रम्पेटनं कुठं तोंड घालायचं आणि कुठं गप बसायचं, हे ठरवण्यात माझी अर्धी जवानी गेली. चालताना ट्रॉम्बोन सगळ्यांच्या पुढे, कारण मागं चाललो तर नळी पुढच्याच्या पाठीत बसायची. त्यामुळे आमचा बँड मी कधी समोरून ऐकलाच नाही. तो कायम माझ्या पाठीमागे असायचा, आणि पाठीमागे आहे म्हणून मला कशाची भीती नसायची.

पुढे डीजे आले आणि बँड मोडला. दोघं वारले, एक पुण्यात सोसायटीच्या गेटवर बसतो. आमच्यातला सगळ्यात मोठा बाजा पानशेतच्या एका हॉटेलात शोभेला टांगलाय, त्याच्यापुढं उभं राहून शनिवार-रविवारची पाहुणेमंडळी फोटो काढतात. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. चहा न घेताच परत आलो.

गेल्या वर्षी बायको गेली. मी रियाजाला बसलो की ती चुलीपासून ओरडायची, "म्हशीला कळा लागल्यात का वो?" आता ओरडणारं कुणी नाही. मुलगी धायरीला असते. "पप्पा, घरात काहीतरी आवाज पाहिजे," म्हणून तिनं एक छोटा स्पीकर आणून दिला आणि मोबाईलवर गाणी कशी शोधायची ते शिकवून गेली. ती गेल्यावर मी पहिलं काय शोधलं असेल, तर ट्रॉम्बोन.

त्यातून तो अल्बम निघाला. परदेशातला कुणी ट्रॉम्बोनवाला, हल्लीचाच. सतरा-अठरा जणांचा बँड, म्होरक्या तोच आणि सगळी गाणी बसवलेलीही त्यानंच. या वाजवण्याला जॅझ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन वराती एका बोळात समोरासमोर आल्यासारखं वाटलं. मी वैतागून बंद केलं. पण घरात दुसरं होतं काय? रोज दुपारी लावत गेलो, तशी त्या माणसाची रीत कळायला लागली. ट्रम्पेट वरून दणका देतात, सॅक्सोफोन खालून कुरकुरत उत्तर देतात, आणि मधली सगळी भिंत ट्रॉम्बोन धरून ठेवतात. म्होरक्यानं स्वतःसाठी फक्त एका गाण्यात थोडी जागा ठेवली होती. बाकी सगळीकडे तो दुसऱ्यांना पुढं काढत होता. हे मला फार आवडलं. आमच्यात एवढा मोठेपणा कुणाकडे नव्हता, माझ्याकडेही नाही.

मग मी ट्रॉम्बोन काढला. स्पीकर स्टुलावर पाठीमागे ठेवायचा, तोंड दाराकडे करून उभं राहायचं आणि सगळ्यात खालच्या ट्रॉम्बोनची ओळ वाजवायची. कानानं शोधत ती बसवायला मला उन्हाळा गेला. आधी दहा सुरांतले सहा चुकायचे. पण जमायचं तेव्हा मागच्या बाजांची तीच जुनी हवा मानेवर लागायची. मी पुन्हा बँडमध्ये होतो.

आणि आता सोमवार जवळ आला होता. आपण शेवटचं वाजवताना निदान एका जाणत्या माणसानं ऐकावं, एवढंच मनात होतं. भोंगवलीला आमचा साईड ड्रमवाला असतो, त्याला फोन केला. रविवारी दुपारी तो दारात उभा राहिला.

"जय भीम. काय लेका, वाळलास की! जेवतोस का न्हाई?"

ड्रम त्यानं कधीच देऊन टाकला होता, पण पिशवीत काड्या घेऊन आला होता. मी प्लॅस्टिकची खुर्ची पुढं सरकवली आणि अल्बम लावला. तो तिच्या पाठीवर ठोका धरू लागला आणि लगेच थांबला.

"ही वरात चाललीया का पळतीया? पाय कुठं टाकायचा?"

"पाय टाकायचा नाही. हे बसून वाजवतात."

"बसून?" त्याला ते पटलं नाही. पण हात ऐकेनात, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत तो त्यांच्या ड्रमवाल्याच्या मागोमाग जायला लागला. मी वाजवत होतो. दात दुखत होते, पण मी खुश होतो, फार खुश होतो.

पाचवं गाणं म्होरक्याचं. त्यात भर जोरात असताना सगळा बँड एकदम थांबतो आणि एकटा ट्रॉम्बोन हळू आवाजात पुढे जातो. तीच जागा मला वाजवायची होती. मी श्वास भरला. तेवढ्यात मित्रानं काड्या काखेत घेतल्या, मान खाली घातली आणि हळूच विचारलं, "कुणाचं घर आलं?"

वरात असो की मिरवणूक, वाटेत दुखवट्याचं घर लागलं की बँड तिथं थांबतो. त्या दारावरून सगळे गुपचूप चालत जातात आणि घर मागं पडलं की पुन्हा सुरू करतात. त्याचे हात आयुष्यभर याच कारणासाठी असे मध्येच थांबले होते. गाण्यात दुसऱ्या कशासाठी शांतता ठेवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी बायको गेल्यावर भीमजयंतीच्या मिरवणुकीतल्या पोरांनी आमच्या दारासमोर डीजे बंद केला होता. मी उंबऱ्यात उभा होतो. माणसं खाली बघत पुढे सरकत होती, चपलांचे आवाज येत होते. त्यांनी वाजवलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा मला फार वाटलं होतं.

"आपलंच घर," मी म्हणालो.

म्होरक्याची जागा वाजून संपली, मी ती वाजवली नाही. पुन्हा सगळा बँड आला तेव्हा मी माऊथपीस ओठाला लावलं आणि अल्बम संपेपर्यंत सोडलं नाही. ओठ फुटला, रक्त आलं. मित्र शेवटपर्यंत खुर्ची वाजवत होता.

"लई दिसांनी चाललो गड्या," एसटीत चढताना तो म्हणाला.

सोमवारी दात काढले. बाईंचा हात हलका, काही कळलं नाही. आठवडाभरानं सूज उतरली, तेव्हा दुपारी मी अल्बम लावला आणि त्याच खुर्चीत बसलो. खालच्या ट्रॉम्बोनची ओळ मला पाठ होती. तिथं आता थोडं पोकळ लागेल, एक माणूस उठून गेल्याचं कळेल, अशी माझी समजूत होती. हसू नका, खरंच होती. मी कान देऊन बसलो. ओळ आली. ती तिकडचा कुणीतरी वाजवत होता, पहिल्या दिवसापासून तोच वाजवत होता. बँडमध्ये कुणीच कमी झालं नव्हतं.