माझ्या वाट्याच्या पोळ्या

सातवीत मला टाइप वन मधुमेह झाला आणि जानेफळच्या आमच्या घरात मी एकटी पोळी खाणारी झाले. साखरेच्या पेशंटला गव्हाची पोळीच बरी, असं कुणीसं आईच्या डोक्यात भरवलं होतं. बाकीच्यांना ज्वारीची भाकरी, मला दोन पोळ्या. मला त्याचा तोराही होता.

पण पोट फुगलेलं आणि हातपाय काड्या. आईनं सातवीत वाढत्या अंगाचा, खाली चार बोटं दुमड घालून शिवून घेतलेला गणवेश नववीतही तसाच बसत होता. त्यात जेवून तासभर झाला की साखर कोसळायची, घाम, थरथर. इन्सुलिन तर मोजून घेतलेलं. मी पोळी लपवून गाईला घालते, असा आईला संशय आला. ती ताटासमोर बसून राहायची. मला भयंकर राग यायचा, कारण मी शेवटचा घासही गिळलेला असायचा.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतडं पाहिलं. सिलिअ‍ॅक नावाचा आजार निघाला. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा आधी माझ्या स्वादुपिंडावर उलटली होती. आता गहू पोटात गेला की आतड्यावर उलटत होती. अन्न अंगी लागत नव्हतं, म्हणून साखर पडायची. हे दोन आजार पुष्कळदा जोडीनं येतात, असं ते म्हणाले.

"म्हंजे मीच खाऊ घालून राह्यली होती का तिले?" आईनं विचारलं.

यात कुणाचाच दोष नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तिनं ते ऐकल्यासारखं केलं. चक्कीत गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून ती माझी ज्वारी घरी जात्यावर दळू लागली.

मग इन्सुलिन वाढवावं लागलं. अन्न अंगी लागायला लागलंय, म्हणून जास्त लागतं, हे डॉक्टरांचं म्हणणं आईला पटेना. दुखणंच वाढलं, असं तिनं धरलं. आकडा वाढला की ती डोळ्यांना पदर लावायची. मला तिची दया यायची आणि वैतागही.

दहावीच्या पहिल्या दिवशी गणवेश घातला, तर तो गुडघ्याच्या वर गेलेला. आई कात्री घेऊन खाली बसली. दुमडीतलं निळं कापड अजून नवंकोरं होतं. अर्धी दुमड उसवून तिनं विचारलं, "आज सुई किती घेतली?"

मी आकडा सांगितला. तो पुन्हा वाढला होता.

"घे मंग," ती म्हणाली आणि उरलेली दुमडही उसवली.