एकोणचाळीस पॉइंट चार

सहा वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका रविवारी दुपारी सव्वादोन वाजता मी अक्काला फोनवर खोटं सांगितलं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

अक्का माझी थोरली बहीण. गडहिंग्लजला एकटी राहते. तेव्हा बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर तिचा शिवणक्लास होता. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मला ताप आला की कपाळावर हात ठेवून ती आकडा सांगायची आणि पाऱ्याचा थर्मामीटर बहुधा तोच दाखवायचा. तो फुटला, तेव्हा मी तिला नवा डिजिटल नेऊन दिला. तो सेल्सिअसमध्ये मोजतो हे सांगायचं राहिलं.

त्या दुपारी ती म्हणाली, "एकोणचाळीस पॉइंट चार दाखवतंय रं. शंभराच्या लई खाली हाय की. पर अंग फणफणतंय."

"ते सेल्सिअस आहे, अक्का. पेपरात असतं ते."

"व्हय? काल तुझ्या पेपरात कोल्हापूर अडतीस हुतं. म्हंजे मी उन्हापेक्षा एक डिग्री जास्त. एवढंच की!" ती हसली. मग बराच वेळ खोकली.

पेपरातली ती तापमानाची चौकट रोज मीच भरायचो. एकोणचाळीस पॉइंट चार म्हणजे जुन्या थर्मामीटरवर जवळपास एकशे तीन — हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण चार वाजता इथे कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीच्या संघाची फुटबॉल फायनल होती. ताप आहे म्हटलं असतं, तर लगेच एसटी पकडावी लागली असती.

"एवढंच," मी म्हणालो. "झोप जरा."

"बरं, झोपतो मी. तू जा मॅचला."

मॅचचं मी बोललो नव्हतो. पण तिला दरवर्षी माहीत असायचं.

तालीम जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीने अक्काला दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. अकरा दिवस ती तिथे होती, आणि मीही. नंतर तिला जिना चढवेना. शिवणक्लास बंद झाला.

आदल्या दिवशीच का आणलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. धाप लागत असताना अक्का म्हणाली, "भावाला फोन केलता की. मीच आकडा नीट सांगितला नसंल. त्यो पेपरात हाय, त्याला सगळं कळतंय."

मी कॉटच्या उशाशी उभा होतो — तिचा हात हातात घेऊन.

तो थर्मामीटर अजून तिच्याकडे आहे. डबीवर पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलं आहे: "३८ म्हणजे ताप. भावाला आकडा नीट सांगणे."