दुपारची एकच हाक

मुलगी धुळ्याला कॉलेजात शिकते. परवा घरी आली तेव्हा मला म्हणाली, "आई, तू फार काल्म आहेस." काल्म म्हणजे शांत, हेही तिनंच सांगितलं. मग मोबाईलवर वाचून दाखवलं की हा इंग्रजी शब्द फार जुन्या ग्रीक शब्दावरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ भाजणारं ऊन. भर दुपारी माणसं, गुरं सावलीला पडायची, सगळं निपचित व्हायचं. पुढे त्या निपचितपणालाच तो शब्द लागला.

"उन्हातून शांतता! उलटंच ना?" ती हसली.

मला हसू आलं नाही.

लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा होता. आमचं गाव साक्रीकडचं. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे. माझा आवाज लहान, त्यावरून त्या चिडवायच्या, "तुना आवाज मुंगीले बी ऐकू येत नही." त्यांनीच मला शिकवलं होतं, "दुपारनी येळले एक हाकले ओ देऊ नको. माणूस तीन डाव हाक मारस. दुसरं कोनी, एकच डाव."

त्या दिवशी पहाटे आम्ही ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, वाळत घातले, घराच्या सपाट मातीच्या धाब्यावर, जुन्या लुगड्यावर. दुपारी ते सोडवायला अक्का एकट्याच वर गेल्या. मला म्हणाल्या, "तू बस खाले." पुरुष माणसं पिंपळनेरच्या बाजाराला गेलेली.

मी स्वयंपाकघरात होते. वारा पडला. निंबाचं पान हलेना. कोंबड्या चोची उघड्या टाकून खाटेखाली बसल्या. कुठे भांडं वाजेना, कुत्रं भुंकेना. तेवढ्यात वरून हाक आली, "व पोरी!"

मी अर्धी उठले, आणि थांबले. तोंडावर पदर धरून दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले. ती आली नाही. किती वेळ गेला माहीत नाही. खरं सांगायचं तर भीती वाटत होती, आणि त्या शांततेत कुठेतरी बरंही वाटत होतं, कुणी काही मागत नव्हतं म्हणून.

मग धाब्यावर टकटक ऐकू आलं. कावळे बिबडे खात होते, आणि अक्का त्यांना हाकलत नव्हत्या.

शिडी चढून गेले. अक्का कठड्याला टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे. हातातला ओला बिबडा तिथेच वाळून कडक झाला होता. कपाळ तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा एक थेंब नाही. चेहरा इतका शांत की मला वाटलं, गेल्या. मी अशी ओरडले की गल्लीतल्या बाया धावत आल्या.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्या बोलू लागल्या. माझ्या गप्प बसण्यानं त्यांचा जीव जात होता, हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्यांचे पाय धरले. "अक्का, तुम्ही हाक मारली, मी ओ दिली नाही."

त्यांनी माझे हात पायांवरून सोडवले.

"मी कसानी हाक मारू? जीभ लाकूड व्हई जायेल व्हती. मी हाक मारीच नही, माय."

त्या पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. आता मी दुपारी पहिल्याच हाकेला ओ देते, मोठ्यानं. दोन वेळा असं झालं, ओ देऊन बाहेर गेले, तर अंगणात कुणी नव्हतं.