भेगेत घातलेला हात

बुखाऱ्यात जमीन हलून गेली की सावरिद्दीन उस्तोंना घरोघरची बोलावणी येत. गवंडीकाम त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. भिंतीची भेग चाचपायची आणि राहा किंवा निघा एवढंच सांगायचं, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ते "निघा" म्हणाले की लोक निमूटपणे बिछाने अंगणात आणत.

त्या वसंतात जुलैहो आपाच्या घराला भेग गेली. कोपऱ्यातून थेट छतापर्यंत, आत हात जाईल एवढी रुंद. तिचा मुलगा बहरोम घर पाडून विटांचं बांधायला टपलेलाच होता.

"उस्तो, आईला तुम्हीच समजवा. माझं कुठं ऐकते ती?"

"तुझं ऐकलं असतं तर मागंच अंगणातली तुतीही गेली असती," आपा चहा ओतत म्हणाली. "भिंत पडायची असेल तर पडेल हो उस्तो. आधी चहा घ्या."

उस्तोंनाही फारशी आशा नव्हती. त्यांनी बसून तळाचा गिलावा खरवडला. आत पॉपलरचे उभे-तिरपे वासे निघाले, मधे मातीचे गोळे ठासलेले. सगळ्यात खाली, पाया आणि लाकूड यांच्यामधे, बोरूच्या काड्यांचा जाड थर अंथरला होता. इतक्या वर्षांनीही कोरडा, पिवळाधमक. ओल वर चढू नये म्हणून घालत असतील, असं उस्तो आजवर धरून चालले होते. वासा शाबूत आहे का ते बघायला त्यांनी भेगेत हात घातला.

तेवढ्यात जमीन घुमली. बहरोम आईला ओढत अंगणात पळाला. उस्तोंचा हात आतच राहिला.

अख्खी भिंत त्यांच्यापासून पलीकडे झुकली. वासे करकरले, पायाशी बोरू सळसळला. भेग रुंदावली, मग भिंत परत आली, तिनं बोटं अलगद दाबली आणि सोडून दिली. पेले कलंडले, धूळ उडाली. पुन्हा सगळं जागच्या जागी.

"उस्तो, हात अडकला का?" आपानं दारातून विचारलं.

"नाही. तिनं सोडला." ते बसल्या जागी भिंतीकडे बघत राहिले. "आपा, हे बांधलं कुणी?"

"सासऱ्यांच्या आजोबांनी कुणीतरी माणूस आणला होता. नाव कुणाला ठाऊक?"

"ही उभीये ती हलता येतं म्हणून," उस्तो आत आलेल्या बहरोमला हळूच म्हणाले. "फाटलीय ती नुसती माती."

बहरोमनं दारातून शेजारच्या घराकडे पाहिलं. तिथली नवी विटांची कुंपणभिंत आडवी झाली होती. तो माती कालवायला गेला.

त्यानंतर कुठल्याही जुन्या घरात गेले की उस्तो आधी गुडघे टेकून भिंतीच्या तळाशी बोरू आहे का ते बघत. काही घरं तरीही उतरवावी लागली. आपा मात्र त्याच घरात म्हातारी झाली आणि बहरोमच्या मुली तिथंच वाढल्या.