आईची चाकूरची आत्या

मामानं तळहातावर ओवा चोळला आणि त्या वासासरशी मी मनानं कित्येक वर्षांपूर्वीच्या, कंधारहून लातूरला निघालेल्या एसटीत जाऊन बसले. चौदा वर्षांची मी, हृदयाच्या तपासणीला निघालेली. गाडी हलली की माझा श्वास कोंडायचा. आई ओवा चोळून माझ्या नाकाशी धरायची.

“अहमदपूर आलं. माझी चुलतबहीण हितंच दिलीया. लईच घाबरं झालं तर उतरू, च्या पिऊ.”

“थोडं पुढं जाऊ,” मी म्हणाले.

“मग चाकूरला माझी आत्या हाय की.”

असं करत लातूर आलं होतं. आठवणीतून बाहेर येत मी मामाला विचारलं,

“मामा, चाकूरची तुमची आत्या आहे का अजून?”

“कोण आत्या? त्या वाटंला आपलं कुणीच न्हाई, बाई.”

नसलेल्या सोयऱ्यांच्या भरवशावर आईनं मला लातूरपर्यंत नेलं होतं.